पोटमाळ्यावरची एकतीस पोती

मनकर्णाबाई साळवे यांच्या वाचनालयात पोरं पाय पुसून, हात धुऊन आणि तोंड मिटून यायची. जालना रोडवरून आत वळलं की पाचवी ते आठवीची ती शाळा लागते. शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची, भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची लेकरं तिथं शिकतात. शाळा साधीच, मैदान त्याहून साधं. पण वाचनालयाच्या खोलीत पाऊल टाकलं की देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटायचं. दारावर बाईंच्याच हातची पाटी होती. चपला बाहेर. ओला हात पुस्तकाला लावायचा नाही. एका वेळी एकच पुस्तक, तेही सात दिवस. पान दुमडलेलं सापडलं तर पुढचे सात दिवस इथंच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. आणि सगळ्यांत खाली लाल रंगात: इथं बोलायचं नाही.

पोरांनी त्यांचं नाव चूपबाई पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. सातवीतली सदफ, जिला बाईंनी पुस्तकं मांडायच्या कामाला लावलं होतं, ती तर एकदा तोंडावर म्हणाली, "बाई, तुम्ही घरीपण असंच चूप बसता का?"

"घरी हाय कोण बोलायला?" बाई म्हणाल्या. "तिथं बी चूपच."

खोटं नव्हतं ते. नवरा याच शाळेत शिपाई होता, काविळीनं आठ दिवसांत गेला. त्याच्या जागी बाईंना घेतलं तेव्हा त्यांचं वय एकोणतीस आणि लेक संध्या चार वर्षांची. पहिली काही वर्षं त्यांनी वर्ग झाडले. मग त्या वेळच्या मोठ्या गुरुजींच्या लक्षात आलं की ही बाई दहावी पास आहे आणि झाडता झाडता भिंतीवरचे सुविचार वाचत थांबते. त्यांनी वाचनालयाची किल्ली हातात दिली. ती किल्ली पुढं पंचवीस वर्षं बाईंच्या कमरेला होती. संध्या लग्न होऊन वेरूळला गेली, नातू झाला, गुडघे दुखायला लागले, आणि येत्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या.

बाईंचा बाप बिडकीनला दगड फोडायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. पण रस्त्यात छापील कागद पडलेला दिसला की तो उचलायचा, झटकायचा, कपाळाला लावायचा आणि घराच्या कुडात खोचून ठेवायचा. अक्षरावर पाय पडू द्यायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बाईंच्या अंगात ते पुरतं मुरलेलं. फाटलेलं, उसवलेलं, पानं गळालेलं कसलंही पुस्तक त्यांनी कधी रद्दीत जाऊ दिलं नाही. शाळेचा नियमही त्यांच्याच बाजूचा होता. पुस्तक कितीही फाटलं तरी समिती बसून ठराव करत नाही तोवर ते दाखल वहीतून कमी करता येत नाही, आणि वहीतून कमी झालं नाही तर टाकता येत नाही. समिती अकरा वर्षांत बसलीच नव्हती. बाई दर उन्हाळ्यात फाटकी पुस्तकं दोन-तीन पोत्यांत भरायच्या, यादी करायच्या, यादीवर सही करायच्या, एक यादी पोत्यात आणि एक फाइलीत. मग शिपाई कचरू शिडी लावून ती पोती पोटमाळ्यावर चढवायचा. नियमही पाळला जायचा आणि बापाचा शब्दही.

पोटमाळा खोलीच्या मागच्या भिंतीला होता. भिंतीत बसवलेले लोखंडी अँगल आणि त्यावर फळ्या. त्याच्याखाली सतरंज्या अंथरलेल्या. तिथं दुपारचं गार असायचं, म्हणून पाचवीची बारकी पोरं पळत जाऊन तीच जागा धरायची.

वरच्या पोत्यांचं वजन कधी कुणी केलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, कार्तिकी पौर्णिमाही उलटली, तेव्हा बाईंना सकाळी झाडताना मागच्या भिंतीलगत पांढरी भुकटी दिसली. दोऱ्यानं आखल्यासारखी सरळ ओळ. त्यांनी वर पाहिलं, भिंतीचा चुना झडत असेल म्हणाल्या, झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा होती. तिसऱ्या दिवशी जरा जाड होती.

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. खोलीत बोलायची बंदी, म्हणूनच तो ऐकू आला. दुसऱ्या कुठल्या वर्गात कुणाच्या कानीही पडला नसता. टक्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. सम्यक नावाचं पाचवीचं पोरगं पुस्तकातून मान वर करून म्हणालं, "बाई, वर कुणीतरी बसलंय."

"कोण बसतंय? उंदीर आसंल. वाच."

"उंदीर नाय बाई. उंदीर पळतो. हे बसून हाय."

पोरं हसली नाहीत. बाईंनी डोळे वटारले, पण त्या रात्री त्यांना ते पोराचं बोलणं काही केल्या सोडीना.

मागच्या भिंतीलाच, पोटमाळ्याच्या कडेखाली, एक जुनं लोखंडी कपाट होतं. कपाटाचा माथा आणि पोटमाळा यांच्यात थोडी फट होती. त्या फटीत बाई दाखल वही आडवी सरकवून ठेवायच्या. जाडजूड, लाल पुठ्ठ्याची वही. मार्गशीर्ष लागला त्या सोमवारी वही बाहेर काढताना खरवडली. बुधवारी ती निघेचना. दोन्ही हातांनी ओढल्यावर निघाली आणि पुठ्ठ्यावर पोटमाळ्याच्या फळीचा काळा ओरखडा उमटलेला. बाईंनी फटीत हात घातला. पूर्वी त्यांची मूठ जायची. आता चार बोटं आडवी जात होती. पुढच्या सोमवारी तीनच गेली.

बाई मुख्याध्यापक सांडू सरांकडं गेल्या. सर वाईट माणूस नव्हते. पण संस्था एकीकडून, खातं एकीकडून, पालक तिसरीकडून, असं त्यांचं चाललेलं. कुठलीही गोष्ट पुढच्या आठवड्यावर गेली की त्यांना तेवढंच बरं वाटायचं.

"सर, पोटमाळा खाली येऊ लागलाय."

"म्हणजे?"

"म्हंजे बसू लागलाय. बोटानं मोजलं मी."

सर हसले. "बोटानं? मनकर्णाबाई, तुम्ही इंजिनियर कधी झालात?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "शुक्रवारी विस्तार अधिकारी मॅडम येणार आहेत. वाचन उपक्रम बघायला. पोरं सतरंजीवर ओळीनं वाचत बसलेली दिसली पाहिजेत, कपाट उघडं, नवी पुस्तकं समोर, छान फोटो. ते होऊ द्या. शनिवारी आपण बघू काय ते."

"तवर पोरं खाली बसवायची?"

"इतकी वर्षं बसतात ना?"

बाईंनी घरी जाऊन नूरमोहम्मदचाचांना फोन लावला. बारा वर्षांमागं पोटमाळा त्यांनीच करून दिला होता. आता ते म्हातारे झाले होते, वेल्डिंगचं दुकान पोराकडं होतं, पण गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या आधी ते नातवाच्या स्कूटीवर मागं बसून आले. मार्गशीर्षातला गुरुवार, गल्लीत घरोघरी घट मांडायची गडबड. बाईंनी फाटकाशी त्यांना गाठलं आणि वाचनालयापाशी नेलं.

चाचांनी दारातच चप्पल काढली आणि वर पाहिलं. मग ते पुढं आलेच नाहीत. उंबऱ्यातच थांबले.

"बाई, ये कब से?"

"दिवाळीपासून."

"मैंने तुमको बोला था, सहा-सात पोत्यांपुरता हाय. वो भी तात्पुरता. आता किती हैत?"

बाईंना आकडा पाठ होता. प्रत्येक यादीवर त्यांचीच सही होती. तरी तो तोंडातून निघायला वेळ लागला. "एकतीस."

चाचांनी कानाच्या पाळीला हात लावला. "या अल्ला. एकतीस." मग हळू आवाजात, वर कुणी झोपलंय अन् ते उठू नये अशा बेतानं बोलू लागले, "अँगल भिंतीतून सुटलाय. फट मिटली, आता हे कपाटच सगळं पेलतंय. अन् कपाट म्हंजे काय, रिकामा डबा. त्याचं दार उघडू नका. पोती उतरवायला कुणाला वर चढवू नका. एका बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूनं जाईल. आधी खालून टेकू लावायचे, मग एकेक उतरवायचं. मैं शनिच्चरला टेकू घेऊन येतो, आज-उद्या पोरगा बाहेरगावी हाय."

"आन् तवर?"

"तवर? तवर इथं मांजर बी येऊ देऊ नका, बाई."

टक्, झालं वर. दोघांनीही ऐकलं. चाचा उंबऱ्यावरून मागं सरले.

बाई तशाच सरांच्या खोलीत गेल्या आणि चाचा काय म्हणाले ते सगळं सांगितलं. सरांनी दार लोटून घेतलं.

"उद्या त्या खोलीत टेकू दिसले तर मॅडम काय लिहितील? कुलूप दिसलं तर काय लिहितील? वाचनालय बंद. शाळेवर शेरा येईल."

"शेरा येऊ द्या सर. पोरं हैत ती."

"आणि चौकशी लागली तर?" सरांचा आवाज खाली आला. "एकतीस पोती तिथं कुणी चढवली, असं विचारतील. मी इथं येऊन चार वर्षं झाली. याद्या मी बघितल्यात. सगळ्यांवर एकच सही आहे. मे महिन्यात तुम्ही सुटताय. कशाला स्वतःच्या हातानं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजही नव्हती. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी त्या दिवसापुरतं वाचनालयाला कुलूप घातलं. सर घाबरवत होते हे त्यांना कळत होतं; पण सर खोटं बोलत नव्हते, हेही कळत होतं. ते वजन वर कुणी दुसऱ्यानं ठेवलं नव्हतं. दर उन्हाळ्यात, नियमानं, समाधानानं त्यांनीच ते लेकरांच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.

संध्याकाळी संध्याचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"आई, तू सांगितलंस ना सरांना? झालं तुझं काम. आता गप बस. पाच महिने राहिलेत."

"व्हय."

"गप बसशील ना?"

"जन्मभर दुसरं काय केलंय?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. बुद्धवंदनेला बसल्या, पण ओठांवर शब्द येईनात. सारखी ती पहिली रांग दिसत होती, सतरंजीवर मांडी घालून बसलेली.

शुक्रवारी त्या तासभर लवकर निघाल्या. खोली उघडायचीच नाही, किल्ली जवळ ठेवायची आणि दारात बसायचं, एवढंच मनाशी धरलं होतं. मुकुंदवाडीच्या फाटकाला रेल्वे आडवी आली, रिक्षा अडकली. शाळेत पोचल्या तर दारासमोर चपलांची रांग लागलेली. एकोणचाळीस जोड. मैदानाच्या नळाशी कचरू मान खाली घालून उभा होता.

"कचरू, दार कुणी उघडलं?"

"ताई, सरांकडं दुसरी किल्ली हाय. मला म्हणले पोरं बसव." कचरूनं वर पाहिलं नाही. "मी नको म्हणलो होतो."

बाई दारात गेल्या. पाचवीचा अख्खा वर्ग पोटमाळ्याखाली ओळीनं बसला होता, गणवेश धुतलेले, भांग पाडलेले, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक. कोपऱ्यात सदफ कपाटासमोर उभी होती, तिच्या हातात कपाटाची चावी. सरांनीच दिलेली.

"सदफ."

"जी, बाई?"

"चावी लावू नको. हात खाली घे. आन् माझ्याकडं ये."

बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, पण सदफ जागच्या जागी थिजली. मग हळूच चार पावलं पुढं आली.

"आता सगळ्यांनी पुस्तक मिटायचं," बाई म्हणाल्या. "जिथं हाय तिथंच ठेवायचं. दाराकडच्या ओळीनं आधी उठायचं. पळायचं नाय. ढकलायचं नाय. एकेक जण बाहेर."

पहिली ओळ उठली, तेवढ्यात मागून सर आले. घामाघूम. "बाई! काय चाललंय? गाडी चौकात आली. बसा रे, बसा सगळे!"

उठलेली पोरं अर्धी वाकली. बसलेली तशीच राहिली. अडतीस जोडी डोळे एकदा सरांकडं, एकदा बाईंकडं. शाळेत सरांच्या वरचं कुणी नाही हे पोरांना माहीत होतं. आणि या खोलीत बाईंच्या वरचं कुणी नाही, हेही माहीत होतं. दोन्ही एकाच वेळी कधी समोर आलं नव्हतं.

वर टक् झालं. मग, पहिल्यांदाच, लगेच दुसरं.

"सर," बाई म्हणाल्या, "पोती मी चढवलीत. सही माझी हाय. मॅडमला मी स्वतः सांगते, लिहून देते, आत्ता, तुमच्यासमोर. पर लेकरं इथं बसणार नायत."

"बाई, माझं ऐका..."

"नाय ऐकत." त्या वळल्या. "सम्यक, ऊठ बाळा. तुझ्या मागची बी."

सम्यक उठला. त्याच्यामागं त्याची ओळ. पोरं दारातून एकेक बाहेर पडत होती, आणि बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मनातल्या मनात आकडा म्हणत होत्या. सरांनीही आता वर पाहिलं होतं. कपाटाचा माथा मधोमध खोलगट झालेला, उशीवर डोकं टेकावं तसा.

अडतीस. मग सदफ.

बाईंनी कुलूप लावलं.

विस्तार अधिकारी मॅडम आल्या तेव्हा पोरं लिंबाखाली दप्तरातली पुस्तकं काढून वाचत बसली होती. सर तोवर सावरले होते. "मोकळ्या हवेत वाचन, मॅडम," ते म्हणाले. फोटो छान आला. मॅडमनी वाचनालय बघू म्हटलं, तेव्हा बाई पुढं झाल्या आणि जे होतं ते सगळं सांगितलं. पोती किती, कधीपासून, सही कुणाची. मॅडमनी खिडकीतून आत पाहिलं, वहीत बराच वेळ लिहिलं, बाईंचं पूर्ण नाव विचारलं आणि खोली बंद असल्याचा, शाळेचा शिक्का मारलेला कागद दाराला चिकटवायला लावला. जाताना सरांशी बोलल्या, बाईंशी नाही.

साडेपाचला, शाळा सुटून अर्धा तास झाल्यावर, कचरू नळ बंद करत होता. तो नंतर सांगायचा की ट्रक उलटल्यागत आवाज झाला आणि मग धुरळा खिडकीच्या गजांतून बाहेर आला, सावकाश, चुलीचा धूर यावा तसा. त्यानं बाईंना फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि बरं म्हणून फोन ठेवला.

शनिवारी चाचा टेकू घेऊन आले ते तसेच परत गेले. सोमवारी बाईंच्या नावानं नोटीस आली. नियमबाह्य साठा केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा. सरांनी ती हातात देताना नजर दिली नाही. "मी बोलून बघतो वर," एवढंच म्हणाले. बाईंनी कागद वाचला आणि तिथंच सरांच्या टेबलावर वाकून खुलासा लिहिला. सह्या माझ्याच आहेत, एवढी एकच ओळ. खाली सही.

तिसऱ्या तासाला पाचवीचं वाचन होतं. वेळापत्रक कुणी बदललं नव्हतं, म्हणून वर्ग सवयीनं वाचनालयापाशी आला आणि बंद दारापाशी थांबला. सदफही आली होती. बाई धावत निघाल्या त्यांना परत पाठवायला. पण पोहोचल्या तेव्हा पोरं खिडकीशी दाटीवाटीनं उभी होती, टाचा वर करून, गजांना धरून.

आत कपाट चेपून कमरेएवढं झालं होतं. एक अँगल जमिनीत रुतून तिरका उभा होता. पोती फुटली होती, आणि सतरंज्या कुठंच दिसत नव्हत्या. होती ती नुसती पानं, गुडघ्याएवढी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

मग सम्यकनं गजातून बोट आत घातलं आणि ढिगातल्या एका जागेवर रोखलं.

"मी तिथं बसतो," तो म्हणाला.

शेजारच्या पोरीनं जरा पुढची जागा दाखवली. तिच्यामागच्यानं त्याची. एकेक बोट गजांतून आत जाऊ लागलं, आणि बाई मागं उभ्या राहून बघत राहिल्या, ते कुठं कुठं रोखलं जातंय ते.